भोरड्या, बोरं आणि विहीणबाई

मी फोनवर बोलायला लागलो की माझी बायको शक्यतो समोर येऊन उभी राहते. प्रेमानं नव्हे, लगाम म्हणून. मी भलतंच काही कबूल करायला लागलो की ती डोळे मोठे करते, आणि मी 'बरं, विचारून सांगतो' म्हणून फोन ठेवतो. आमचा संसार या एका सोयीवर बराचसा नीट चाललाय. पण त्या दिवशी ती चक्कीवर दळण आणायला गेली होती, आणि फोन नेमका विहीणबाईंचा आला.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. नागपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाई प्रेमळ आहेत, पण त्यांच्याशी बोलताना मला अजूनही गृहपाठ राहून गेल्यासारखं वाटतं.

"इवाईबुवा," त्या मला, म्हणजे व्याह्याला, म्हणाल्या, "संक्रांत महिन्यावर आली. छोटीचं बोरन्हाण करायचं आहे. आमच्या गच्चीवरच ठेवून राहिलो. तुम्ही दोघं त्या दिवशी सकाळच्या बसनं निघा."

छोटी म्हणजे आमची नात. हिच्या बाबतीत आमच्या घरी एक दुखरी जागा आहे. बाळंतपण नागपूरला झालं, मोठा दवाखाना म्हणून. बारसं नागपूरला झालं, पाहुण्यांना सोयीचं म्हणून. उष्टावणही नागपूरला झालं; ते का, हे आता कोणालाच आठवत नाही. प्रत्येक वेळी माझी बायको डबे भरून गेली, हसतमुखानं वाढायला लागली, आणि परतीच्या बसमध्ये सानगडीचा फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. एकदाच म्हणाली, "एक काही तरी आपल्या घरी व्हावं. एकच." मी हो म्हटलं होतं. आता उरलं होतं ते बोरन्हाण. लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे ओतायचे. लेकरू भोकाड पसरतं, गल्लीतली पोरं खाऊ वेचतात आणि बाया हसतात, असा तो सोहळा.

तेव्हा मी 'विचारून सांगतो' म्हणायला हवं होतं. पण लगाम चक्कीवर होता.

"विहीणबाई," मी म्हणालो, "बोरन्हाणाले बोरं लागतात."

"मग इतवारीच्या बाजारात काय कमी आहेत?"

"ती पोत्यातली झाली. आमच्या घरामागं सांदवाडीत झाड हाय. अशी लागतात बोरं, की पान दिसत नाही. पोरीले झाडाखाली बसवली की न्हाण वरूनच पडते. आपण फक्त ओवाळायचं."

बाई पाहत असाव्यात, मनातल्या मनात: झाड, पाट, नात.

"झाडाखाली? चांगलं दिसेल हो. बरं, मग आम्हीच येतो. पण इवाईबुवा, झाडाची बोरं असली तरच. बाजारचीच आणायची असली तं एवढ्या थंडीत लेकरू घेऊन कायले यायचं?"

"असली तर म्हणजे? झाडाखाली छत्री घेऊन उभं राहावं लागते!"

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा विहिणीवर बाजी मारली या आनंदात अंगणात फेऱ्या मारू लागलो.

बायको आली. पिठाचा डबा खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"इथं येऊन राहिले? तुमी म्हटलं अन् त्या हो म्हणाल्या?" तिचा दोघांवरही विश्वास बसेना. मग बसला. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणजे आमच्या घरातला सर्वोच्च पुरस्कार दिला. पिठाचा पांढरा पंजा पाठीवर घेऊन मी संध्याकाळपर्यंत गावात हिंडलो. एकानंही सांगितलं नाही.

पण दार ओलांडताना ती थबकली.

"झाडाले बोरं किती हायेत, पाह्यलं का?"

नव्हतं पाह्यलं. गेल्या हिवाळ्यानंतर मी त्या झाडाकडं मान वर करून बघितलंच नव्हतं. आम्ही दोघं घरामागच्या सांदवाडीत गेलो, म्हणजे मी तिच्या मागोमाग गेलो. झाड हिरव्या बोरांनी लगडलेलं होतं. मी अशी छाती पुढं काढली, जणू मीच ते लावलं होतं. खरं तर ते कोणीच लावलेलं नाही. कोण्या पाखरानं कुंपणावर बसून बी टाकली, ती उगवली. मी तर ते रोप असतानाच उपटायला निघालो होतो, तिथं फरशी बसवायची म्हणून. बायकोनं फरशीच रद्द केली.

"बोरं तं हायेत," ती म्हणाली. "पण पिकायची हायेत. अन् तुमचे पाहुणे यायचे हायेत."

"माझे? इवाई तं तुझेही..."

"ते नाई. ते." तिनं आभाळाकडं बोट केलं.

भोरड्या!

आमच्याकडं धान कापून झालं, बांध्यांमधून लाखोरीचं पीक हिरवं दिसू लागलं, की तलावावर बदकं उतरतात आणि झाडांवर भोरड्या. बदकं बघायला शहरातून लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. भोरड्यांना कोणी विचारत नाही, कारण त्या आपल्या साळुंकीच्या चुलतबहिणीसारख्या दिसतात: अंग मळकट गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळं, जणू धुऊन विटलेल्या गुलाबी स्वेटरवर काळी शाल घेतलीय. कोणत्या कोणत्या देशांवरून, डोंगरांवरून उडत येतात म्हणे. एवढा प्रवास करून माणूस आधी पाणी मागेल. या आल्या आल्या भांडायला लागतात. एका फांदीवर वीस असल्या तर वीसही एकदम बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. आमच्या घरच्या लग्नाच्या बैठकीची मला दरवेळी आठवण येते.

गेल्या हिवाळ्यात मी याच पाखरांवर फिदा होतो. रोज सकाळी चहाचा कप घेऊन सांदवाडीत बसायचं, फोटो काढायचे आणि घरच्या ग्रुपवर टाकायचे: 'आले आपले परदेशी पाहुणे.' त्यावर पुतण्या विचारायचा, 'काका, त्यायले व्हिसा लागते का?' बायको म्हणायची, "पाहुणे बोरं खाऊन राहिले अन् यजमान फोटो काढून राहिला." तेव्हा बोरांची गरज कोणाला होती?

बोरं हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्यावर तांबूस डाग चढू लागले. संक्रांत जवळ आली. मी मनात म्हटलं, यंदा पाहुण्यांनी दुसरं गाव धरलं वाटतं. आणि त्याच सकाळी, मी दाढीला साबण लावून उभा असताना, मागच्या बाजूनं असा कलकलाट उठला की बाजाराचा दिवस असल्यासारखं वाटलं.

मी तसाच बाहेर धावलो. झाड गुलाबी झालं होतं.

हातातला टॉवेल हलवला. सगळ्या भोरड्या एकदम उडाल्या, आभाळात एक गिरकी घेतली, आणि शेजारच्या उंबरावर बसून माझ्याकडं पाहू लागल्या. मी आत वळलो, त्या झाडावर. मी बाहेर आलो, त्या उंबरावर. हे चालू असताना चहा निवला, तोंडावरचा साबण सुकून ताणला गेला. आणि खाण्याची तऱ्हा तरी कशी! एक बोर टोचायचं, अर्धं खायचं, टाकून द्यायचं, शेजारणीच्या तोंडचं ओढायचं. निम्मं पोटात, निम्मं जमिनीवर. आमच्या पंगतीत असं कोणी जेवलं असतं तर म्हाताऱ्यांनी उठवून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हत्यार बदललं. जर्मनची जुनी परात आणि लोखंडी उलथनं. हा आवाज मात्र बरोबर लागू पडला. पाखरं तर उडालीच, शेजारची मावशीही कुंपणाशी धावत आली.

"काय झालं बापू? पुन्हा कोरोनाचा बंद लागला का? मीबी थाळी आणू?"

"नाही मावशी, पाखरं हाकलून राहिलो."

"अशीच हाकल. माझ्या वालाच्या शेंगायवरची बी हाकलून दे. पण सकाळी जरा उशिरा सुरू करत जा, म्हाताऱ्याले आताच डोळा लागते."

परात आणि उलथनं मी मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवलं. भोरड्यांचा आवाज कानावर आला की हात आपोआप खिळ्याकडं जायचा. जेवताना उठायचो, पूजा करताना उठायचो. एकदा तर आरतीच्या मध्येच उठलो. बायको म्हणाली, "देव थांबते. पाखरं नाई थांबत. जा."

मग मी बुजगावणं केलं. माझाच निळा शर्ट, माझीच टोपी, मडक्यावर कोळशानं काढलेल्या मिशा. हुबेहूब मीच, फक्त पोट सपाट. दुसऱ्या सकाळी मावशी फुरंगटून बसली. तिनं म्हणे कुंपणावरून तीनदा 'रामराम' घातला, तरी मी मान वळवली नाही. भोरड्यांना मात्र फरक लगेच कळला. एक त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी टोपीवर. दुसरीनं टोपीवर जे केलं ते इथं लिहीत नाही.

बायकोची पद्धत वेगळी होती. तिची पाळी असली की ती परातीला हात लावायची नाही. झाडाखाली कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि वर बघून बोलायची.

"खा बापा, खा. एवढ्या दुरून आले. पण शेंड्यावरची राहू द्या थोडी. आमच्या छोटीचं न्हाण हाय."

मी हसायचो. "त्यायले मराठी येते का?"

"तुमाले तरी कुठं समजते सांगितलेलं?"

झाड दिवसेंदिवस उघडं होत होतं. रोज जी पिकत होती ती रोज जात होती. बायको सकाळी उठली की आधी झाडाकडं बघायची, मग चूल पेटवायची. तिनं मुरमुरे आणले, करवे तोडून ठेवले, तिळाच्या रेवड्या केल्या, पितळी गंगाळ घासून घासून आरसा केला. पण बोरांचा विषय काढला की ती दुसरंच काही तरी बोलायला लागायची. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्यात विहीणबाईंचा निरोप आला: 'झाडाचा फोटो पाठवा. इथं सगळ्यांना दाखवायचा आहे.'

आता झाडाचा फोटो पाठवायचा म्हणजे काट्यांचा पाठवायचा. मी फोन चाळत बसलो आणि गेल्या हिवाळ्यातला फोटो हाती लागला. अहाहा! लालबुंद बोरं, उन्हाचं तेज, फांद्या ओझ्यानं वाकलेल्या. मी खोटं बोललो नाही. झाड तेच होतं. मी फक्त तारीख सांगितली नाही. दाबलं बटण आणि पाठवून दिला. पलीकडून 'छान' असा एकच शब्द आला. मला वाटलं, प्रश्न मिटला.

प्रश्न मिटला नव्हता, कारण आता फोटोतली बोरं कुठून तरी आणायची होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "चष्म्याची काडी ढिली झाली, साकोलीले जाऊन येतो." गावातल्या बाजारात बोरं घेतली असती तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. साकोलीला एका गाड्यावर बोरांचा ढीग होता. गाडीवाला म्हणाला, "गावरान सरली भाऊ. हे घ्या, ॲपल बोर. एकदम मस्त." आणि त्यानं एक बोर माझ्या तळहातावर ठेवलं. छोट्या पेरूएवढं, हिरवं, चकचकीत. मी मोठं ते चांगलं असं मानणाऱ्यांतला माणूस. मनात म्हटलं, विहीणबाई बघतच राहतील. भरपूर घेतली आणि घरी येऊन धानाच्या पोत्यांमागे लपवली.

"झाली का काडी घट्ट?" बायकोनं विचारलं.

"घट्ट झाली," मी म्हणालो, आणि चष्मा नाकावरून घसरून ताटात पडला.

बोरन्हाणाच्या दिवशी मी भल्या पहाटे उठून सगळी बोरं झाडाखाली पसरली. नैसर्गिक दिसावं म्हणून दोन-चार पाचोळ्यात सरकवली, एक दगडाच्या आड ठेवलं. बुजगावणं उपटून गोठ्यात टाकलं. उगाच पाहुण्यांसमोर दोन दोन मी नकोत. बायको न्हाणाच्या तयारीत गढलेली, मागं फिरकलीच नाही; पाट, रांगोळी, गंगाळ तिकडं मीच मांडून आलो. ऊन अंगणात उतरलं आणि दारासमोर गाडी थांबली.

जावई उतरला, मुलगी उतरली, काळ्या झबल्यातली छोटी उतरली आणि शेवटी विहीणबाई. अंगावर नवी कोरी काळी साडी, काठ तांबडा. बायकोनं छोटीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला घट्ट धरलं, आणि माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यासाठी मी साकोलीच काय, पायी नागपूरला गेलो असतो.

"इवाईबुवा," विहीणबाई इकडंतिकडं पाहत म्हणाल्या, "तुमची स्कूटर दिसत नाही?"

"स्कूटर? ती तं दसऱ्यालेच विकली."

"हो का? मग फोटोत झाडाखाली उभी होती ती कोणाची?"

मी खोकलो. बायकोनं विचारलं, "कोणता फोटो?" जावयानं फोनमध्ये तोंड घातलं. मी म्हणालो, "चला, चला, झाड दाखवतो," आणि सगळ्यांना त्याच ठिकाणी घेऊन गेलो जिथं न्यायला नको होतं.

सांदवाडीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, शेजारी गंगाळ. आणि झाडाखाली हिरवे हिरवे गोळे. उन्हात ते असे चमकत होते की जणू कोणी पॉलिश केलेत. विहीणबाई वाकल्या, एक उचललं, मग मान वर करून झाड बघितलं. मग पुन्हा बोर. शाळेत त्यांच्यापुढं उत्तरपत्रिका आल्यावर त्या अशाच बघत असाव्यात.

"इवाईबुवा, याच्या पानाहून बोर मोठं आहे."

मुलगी ओठ चावून हसू दाबत होती.

"अन् हे लेकराच्या डोक्यावर ओतायचं?" विहीणबाई म्हणाल्या. "टेंगूळ येईल पोरीले."

बायकोनं पाचोळ्यातलं एक उचललं. दगडाआडचंही तिला बरोबर दिसलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वर, उघड्या फांद्यांकडं बघत राहिली.

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला. "फोटोतली स्कूटर पाहूनच मले शंका आली होती. म्हणून इतवारीतली थोडी घेऊन आली. गावरानच आहेत. असं करू, पाट आत घेऊ. घरात करून टाकू लवकर, अन् दुपारी निघतो आम्ही. तिथंही बायांना बोलावलं आहे संध्याकाळी. तिथं पुन्हा नीट करू."

नीट. हा शब्द त्यांनी वाईटपणानं म्हटला नाही. पण माझ्या बायकोच्या कानात तो कुठं जाऊन बसला असेल ते मला कळलं. म्हणजे खरं बोरन्हाण नागपूरलाच. इथलं नुसतं उरकणं.

"हो," ती हळूच म्हणाली. "आतच घेऊ." आणि पाट उचलायला वाकली.

तेवढ्यात उंबराकडून तो कलकलाट आला.

भोरड्यांची वेळ झाली होती. त्यांना आमच्या घरातल्या गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं. आभाळात वळण घेत थवाच्या थवा आला आणि आम्ही खाली उभे असतानाच झाडाच्या शेंड्यावर उतरला. झाड एकदम बोलायला लागलं. छोटी इतका वेळ हलव्याच्या मुकुटाशी झटापट करत कुरकुरत होती, ती आईच्या कडेवर मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून वर बघू लागली.

पुढचं मी ठरवून केलं नाही. हात आपोआप खिळ्याकडं गेला. इतक्या दिवसांची सवय. परात डाव्या हातात, उलथनं उजव्या, आणि मी सगळा जीव एकवटून हाणलं.

"अवो!" बायको ओरडली. पण तोवर झालं होतं.

सगळा थवा एकाच झपाट्यात उठला. फांद्या वाकल्या आणि सुटल्या. आणि टपटप, टपटप, टपटप. शेंड्यावर, काट्यांच्या गर्दीत, आम्हाला खालून न दिसलेली, इतक्या दिवसांत सावकाश पिकलेली बारकी लाल बोरं पाटावर, रांगोळीवर, गंगाळात, माझ्या टकलावर पडू लागली. दोन-तीन छोटीच्या मुकुटावर आपटून तिच्या झबल्याच्या घडीत अडकली. ती दचकली. आता भोकाड पसरणार. तिनं एक बोर मुठीत धरलं, वर बघितलं, आणि खदखदून हसली.

पडली ती फक्त बोरं नव्हती. एवढी पाखरं घाईनं उडतात तेव्हा ओझं हलकं करतात. विहीणबाईंच्या नव्या कोऱ्या काळ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत पांढरे ठिपके पडले होते.

मी परात पाठीमागं लपवली. एवढी मोठी परात लपत नाही.

विहीणबाईंनी पदराकडं बघितलं. छोटीकडं बघितलं. काळं झबलं, पांढरा हलवा. पुन्हा पदराकडं. आणि बाई हसायला लागल्या, अशा की त्यांना गंगाळाचा काठ धरून खाली बसावं लागलं.

"घ्या! नातीबरोबर आजीलेही हलव्याचे दागिने!"

मग मुलगी हसली, जावई हसला, कुंपणापलीकडून मावशी हसली, ती कधीपासून तिथं उभी होती देव जाणे. माझी बायको अजून पाट हातात धरून उभी होती. विहीणबाईंनी तिच्या हातून तो घेतला आणि झाडाखाली पुन्हा मांडला.

"इहीनबाई, इथंच. न्हाणाले सुरुवात तं झाडानंच केली. आता घरात काय करायचं? अन् संध्याकाळच्या बायायले फोन करून सांगते, झालं म्हणून. एका लेकराचं दोनदा कायले?"

बायको जमिनीवर बसली आणि एक एक बोर वेचू लागली. टोचकी बाजूला, आखी पदरात. सगळी मिळून दोन ओंजळी भरली. गंगाळातल्या मुरमुऱ्यांत ती मिसळली तेव्हा जेमतेम लाल दिसत होती. पण तिनं ते गंगाळ छोटीच्या डोक्यावर रितं केलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी फोन काढायचं विसरलो. फोटोवाल्या माणसाकडं त्या दिवसाचा एकही फोटो नाही.

पाहुणे मग दुपारी गेले नाहीत. जेवले, लवंडले, चहा घेऊन उन्हं कलल्यावर निघाले. इतवारीतली बोरं मावशीच्या नातवंडांनी संपवली. विहीणबाई बायकोचं लुगडं नेसून, ठिपक्यांची साडी पिशवीत घालून गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "इवाईबुवा, पुढच्या वेळी फोटोत स्कूटरऐवजी बैलगाडी असली तरी चालेल."

गाडी वळली. आम्ही दोघं सांदवाडीत आलो. बायको झाडू मारू लागली. साकोलीची बोरं तिथंच पडून होती, हिरवी, चकचकीत, जशीच्या तशी. भोरड्या परत आल्या होत्या. शेंड्यावर बसून उरलंसुरलं टोचत होत्या. खाली उतरून त्यातल्या एकीनंही माझ्या बोरांना तोंड लावलं नव्हतं.

मी म्हटलं, "काही म्हण, पण परात मी वाजवली म्हणून बोरं पडली."

तिनं झाडू थांबवला. वर पाखरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ते बिचारे सालातून एकदा येते अन् काम करून जाते. तुमी तं बाराही महिने घरीच रायता."